मनकर्णाबाईचा फोटू

होळी झाली आणि पाटलाच्या विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली. विहीर पाटलाची, पण तिच्यावर आठवड्यातून एक पाळी कडूबा माळ्याची. गुरुवारी उजाडल्यापासून दिवस माथ्यावर येईस्तोवर विहिरीपासून निघालेल्या दांडाचं पाणी त्याच्या दीड एकराकडे वळायचं. ही पाळी कुठल्या कागदावर नव्हती. वीस वर्षांपूर्वी त्याच विहिरीचा गाळ काढताना दरड कोसळून कडूबाचा बाप गेला, तेव्हा पाटलाच्या आईनं, मनकर्णाबाईनं, चार माणसांदेखत कडूबाच्या मायला शब्द दिला होता. भोरटेक गावात तेवढ्या एका शब्दावर एका घराची वांगी-मिरची पिकत होती.

मागच्या वैशाखात मनकर्णाबाई वारली. तिचा लेक महादेवराव पाटील वर्षभर काही बोलला नाही. पण होळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी कडूबाची बायको कोकिळा फावडं घेऊन दांडाच्या तोंडाशी उभी राहिली ती उभीच राहिली. इंजिन भकभक करत होतं, पाणी पाटलाच्या उसाकडे चाललं होतं. तिनं फावडं तिथंच टाकलं आणि घरी येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"पानी नाई आलं. जा, पाहून या."

कडूबा त्या वेळी अंगणात बसून कोळशानं शेजारच्या बैलाची मान काढत होता. बत्तीस वर्षांचा हा माणूस रिकामा सापडला की हातात कोळसा दिसायचा, आणि कोकिळेला त्या कोळशाचा राग होता. चौदाव्या वर्षी मायनं त्याला बुलढाण्याला माणिकराव पेंटरच्या दुकानात ठेवला होता. सोळा वर्षं त्यानं तिथं काढली. वकिलांच्या पाट्या, लॉऱ्यांचे नंबर, 'उधारी बंद आहे'. माणिकराव अक्षर काढायचा आणि कडूबा रंग भरायचा. पुढे पुढे अक्षरंही कडूबाच काढू लागला, पण खाली नाव माणिकरावचंच असायचं.

चित्र काढायला त्याला कुणी शिकवलं नाही. ते तो मोटारस्टँडवर शिकला. मोटारीची वाट पाहणारा माणूस हलत नाही. कुणी बोचक्याला टेकून झोपलेलं असतं, कुणी कोर्टाचा कागद पुन्हा पुन्हा उलगडून पाहत असतं. दुपारच्या सुट्टीत कडूबा रद्दीच्या कागदावर त्यांना उतरवायचा. पहिली दोन वर्षं सगळी माणसं त्याच्या हातून बाहुल्यांसारखी उतरली. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की माणूस दमतो तो आधी खांद्यात दमतो, मान मागाहून पडते. खोटं बोलणाऱ्याचे डोळे स्थिर असतात, पण त्याची बोटं काही ना काही चाळवत बसतात. माणिकरावनं एकदा ते कागद पाहिले आणि बंबात घातले. म्हणाला, "बोर्डवाल्यानं मानसाच्या तोंडाकडं पाह्यलं का त्याचा हात बिघडते." पुढे माणिकरावचा लेक हाताशी आला आणि कडूबाला चार जुने ब्रश देऊन निरोप मिळाला. तेव्हापासून तो गावात होता. वांगी लावायचा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, आणि कागद सापडेल तिथं माणसं काढायचा.

पाटील ओट्यावर पान लावत बसला होता. कडूबा खाली, पायरीशी उभा राहिला.

"पाटील, आज पानी नाई आलं."

"येईन," पाटील म्हणाला. "बस. तुह्यासंगं कामच होतं." त्यानं पान तोंडात घातलं. "माह्या आईचा एकबी फोटू नाई, ठाव हाय का तुले?"

कडूबाला ते ठाऊक होतं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी म्हातारीची समजूत होती. अमडापूरच्या जत्रेत लेकानं एकदा फोटोवाल्यासमोर बसवलं तर तिनं तोंडावर पदर ओढून घेतला होता.

"वैशाखात वरसराध हाय," पाटील सांगू लागला. "बुलढान्याहून मोठे मोठे मानसं येनार. पंचायत समितीची निवडनूक तोंडावर आली. बैठकीत आईचा फोटू पाह्यजे, हार घालाले. तू काढ."

"फोटू पाहून चित्र काढता येते, पाटील. नुसतं आठवून काढनं लय कठीन."

"मंग सोळा साल काय शिकून आला बे?" पाटील हसला. "फोटू काढ. तुही पाळी मी स्टँपावर लिहून देतो. आईचा शब्द आईसंगं गेला. माहा कागद राहीन."

त्याच संध्याकाळी दांडाला पाणी आलं. कडूबानं मात्र त्या दिवसापासून जेवतानाही कुणाशी बोलणं सोडलं.

आधी त्यानं गावात विचारत हिंडायला सुरुवात केली. पाटलाची बायको रुक्मिणीबाई म्हणाली, "गोऱ्या होत्या सासूबाई. लक्षुमीसारख्या." पाटलाकडे तीस वर्षं सालानं राहिलेला भिकाजी म्हणाला, "आवाज सांग म्हनशीन तं सांगतो. तोंड मी कई पाह्यलंच नाई. तिच्यापुढं मान वर करून कोन पाहीन?" खुरपणाऱ्या बायांना तिचे हात आठवत होते. मिरचीच्या तोडणीला संध्याकाळी ती विहिरीजवळच्या दगडावर बसायची आणि घरी निघालेल्या एकेका बाईची ओटी चाचपून पाहायची. सगळ्यांनी सांगितलं ते ऐकून कडूबानं पाच-सहा चेहरे काढले. एकही बाई त्यातून उठून उभी राहीना.

शेवटी त्यानं मायला विचारलं. सोजराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"गोरी कुठली? माह्याएवढी काळी होती," ती म्हणाली. "नवरा मेला तवा बावीस वर्साची होती. दीरायनं एकबी सालदार टिकू देला नाई तिच्याकडं. मंग तिनं सोता मोट हाकली. बारा साल. मी नवी नवरी, मी वाफ्यायत पानी वळवे. बाईमानूस मोट हाकते म्हून लोक हासत. ती ऐके आन् बैलायले शिव्या दे."

"हात कसे होते तिचे?"

सोजराबाईनं पिठाचे हात वर करून पाहिले. "हे पाह्य. याच्याहून वाईट. सोलानं कापून कापून तळव्याले चर पडले होते."

सोल म्हणजे मोटेचा दोर. कडूबा मायच्या हातांकडे पाहत राहिला. जन्मापासून त्या हातांचं खाल्लं होतं, पण पाहिले पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुताराकडून सागाची चौकट करून आणली, तीवर मांजरपाट ताणला, खळ आणि खडूचं अस्तर दिलं. जवसाचं तेल तापवून रंग घोटले. खारीच्या शेपटीच्या केसांचे दोन बारीक ब्रश बांधले. मग दुपारी अंगणातल्या लिंबाखाली टोपलं पालथं घातलं आणि म्हणाला, "माय, इथं बस."

"मी?"

"बसली कशी दिसे ती, तशी बस. हात मांडीवर ठेव."

सोजराबाई बसली. आधी तिला लाज वाटली, मग हसू आलं, मग पाठ दुखू लागली. "असं रिकामं बसून मले पाप लागल्यावानी वाटते बापा," ती म्हणायची आणि दहाव्या मिनिटाला पेंगायची. पेंगली की हात मांडीवर उलटे पडत, तळवे आभाळाकडं. बोटं पुरती उघडत नसत. झोपेतही खुरप्याची मूठ धरल्यासारखी ती वाकलेलीच राहत. कडूबा तेवढ्या वेळात भराभर काढून घ्यायचा. चैत्रातलं ऊन लिंबाच्या पानांतून खाली पडायचं आणि त्या तळव्यांवरच्या भेगा काळ्या शाईनं आखल्यासारख्या दिसायच्या. त्यानं काळा रंग वापरून पाहिला, तर हात मेल्यागत दिसू लागले. मग काव, थोडी पिवडी आणि अगदी किंचित निळा घोटून भेगांत भरला. हात जिवंत झाले. त्या दिवशी तो एकटाच बराच वेळ हसत बसला.

कोकिळेला यातलं काही दिसत नव्हतं. ती एकटी वांगी खुरपत होती, एकटी टोपली अमडापूरच्या बाजाराला नेत होती.

"आत्याबाई टोपल्यावर, तुमी खाटल्यावर. आन् मी?" ती एकदा सासूकडे बोट दाखवून म्हणाली.

"पाळीचा कागद भेटनार हाय."

"कागदासाठी चाललं का हे? मले नाई वाटत."

कडूबा रंग घोटत राहिला. तिचं खरंच होतं. कागदाची आठवण त्याला आठवड्यातून एकदा, पाळीच्या दिवशी व्हायची.

हात झाले, खांदे झाले, कपाळावरचं आडवं गोंदण झालं. तोंड मात्र जमेना. पाच वेळा काढलं आणि पाच वेळा तेलाच्या बोळ्यानं पुसलं. रागीट काढलं की तमाशातली सासू दिसायची. मऊ काढलं की कुणाचीही आजी.

सहाव्या दिवशी तो वाडीत गेला तेव्हा सोजराबाई तोडलेली वांगी टोपल्यात भरत होती. एकेक वांगं ती अंगठ्यानं दाबून पाहत होती, कुठं अळीचं भोक आहे का म्हणून. एक डोळा बारीक झालेला, खालचा ओठ दातांखाली. कडूबा बांधावरच थांबला. हीच नजर त्यानं लहानपणी पाहिली होती. सात-आठ वर्षांचा असताना तो मायसोबत तोडणीला गेला होता. संध्याकाळी मनकर्णाबाईनं मायची ओटी चाचपली. आत पसाभर मिरच्या निघाल्या. म्हातारीनं त्या मिरच्यांकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, मग कडूबाकडे पाहिलं. तिनं मिरच्या परत ओटीत टाकल्या आणि गाठ आपल्या हातानं मारली, करकचून. माय घरी येईस्तोवर रडत होती आणि ती कशानं रडते ते त्याला त्या वेळी कळलं नव्हतं.

आता त्याला वाटलं, म्हातारीची नजर संशयाची नव्हती. जिला आयुष्यभर सगळं कमीच पडलं आणि तरी त्यातलं पसाभर द्यावं लागलं, तिची ती नजर होती. देणंही नको आणि न देणंही नको. तो तसाच घरी आला आणि दिवस मावळेस्तोवर त्यानं तोंड पुरं केलं. ब्रश खाली ठेवला तेव्हा तो धुवायचंही त्याला सुचलं नाही. सोळा वर्षांत पाट्या रंगवताना असं कधी झालं नव्हतं.

सोजराबाईनं चित्र पाहिलं. बराच वेळ उभी राहिली. मग नकळत पदर डोक्यावर घेतला.

"हेच व्हय," ती म्हणाली. "पन देशीन का तू हे त्यायले?"

"काऊन?"

"काई नाई. दे."

चित्र जुन्या धोतरात गुंडाळून, डोक्यावर घेऊन कडूबा पाटलाच्या वाड्यात गेला. भिकाजी ओसरीत विडी ओढत होता. कडूबानं चित्र भिंतीला टेकवून वरचं कापड काढलं, आणि भिकाजीनं विडी फेकून दिली. झटक्यात उठून उभा राहिला, गुडघ्यावर आलेलं धोतर खाली ओढलं. सत्तरीचा माणूस मान खाली घालून तसाच उभा राहिला आणि मग, आपण काय केलं ते कळून, ओशाळा हसला. कडूबाला आयुष्यात मिळालेली शाबासकी एवढीच.

पाटील आला. त्यानं चित्र पाहिलं आणि त्याच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. क्षणभर तो पाटील राहिला नाही, नुसता लेक झाला. तेवढ्यात मागून रुक्मिणीबाई आली.

"ही कोन रोजदार बाई?" तिनं विचारलं.

पाटलानं घसा खाकरला. लेक गेला, पाटील परत आला.

"कडूबा, हे काय करून आनलं बे?"

"आईसाहेब हायेत, पाटील."

"माही आई अशी होती का? असे हात होते का तिचे?"

"होते, पाटील. बारा साल मोट..."

"मोटेचं नाव काढू नको," पाटील हळू आवाजात म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून कडूबाला जास्त भीती वाटली. "बुलढान्याचे लोक येतीन. त्यायले मी सांगू का, माह्या आईनं बैल हाकलले?"

रुक्मिणीबाई वाकून पाहत होती. "हे हात सोजराबाईचे हायेत. तिले बसवून काढलं म्हने यानं. सासूबाईच्या जागी खुरपनारीले बसवलं. गावभर झालं हाय."

पाटलानं भिंतीवरचं दिनदर्शिकेचं चित्र दाखवलं. बियाण्याच्या दुकानातून आलेलं होतं. कमळावरची लक्ष्मी, गोल गाल, लोण्यासारखे हात. "हे पाह्य. असं तोंड पाह्यजे. अंगावर दागिने पाह्यजेत. हे घेऊन जाय."

कडूबानं चित्र पुन्हा गुंडाळलं. फाटकाजवळ आल्यावर मागून पाटलाचं वाक्य आलं, "आन् पाळीचं मंग पाहू."

गुरुवार आला. दांड कोरडा. दुसरा गुरुवार आला. वैशाखाचं ऊन आता सकाळी आठलाच अंगाला चटके देत होतं. वांग्याची पानं दुपारी माना टाकायची आणि रात्री थोडी सावरायची. पुढे रात्रीही सावरेनात. फुलं गळाली. कोकिळा आणि सोजराबाई नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून घागरी आणू लागल्या. झिऱ्यात एक घागर भरायला अर्धा तास लागायचा. सोजराबाईच्या डोक्यावरची चुंबळ ओली व्हायची ती पाण्यानं नव्हे, घामानं. कडूबाही कावडीनं पाणी आणत होता. पण दीड एकराला घागरीनं पाणी घालणं म्हणजे तापल्या तव्यावर थुंकणं.

एक दिवस सोजराबाई बांधावर घागर घेऊनच बसली. उठवेना. कडूबानं घागर उतरवून घेतली. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत सुजले होते.

कोकिळेनं मुकाट्यानं सासूचे पाय चोळले. मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "चित्र कोपऱ्यात पडून हाय. त्याले पानी लागत नाई, खायाले लागत नाई. आपल्याले लागते."

"ते खरं चित्र हाय, कोकिळा. आयुष्यात एकच असं उतरलं."

"उतरलं ना? मंग झालं तुमचं समाधान. आता त्यायचं करा."

त्यानं मायकडे पाहिलं. मायनं आपली बाजू घ्यावी असं त्याला वाटत होतं. सोजराबाई डोळे मिटून पडली होती.

"मेलेल्या बाईचं तोंड झाकलं तं तिले का दुखते?" ती म्हणाली. "जाय. पाया पड आन् करून टाक."

पाटलानं त्याला पाया पडू दिलं नाही, एवढी भलमनसाई दाखवली. पण चित्र घरी न्यायचं नाही, इथंच वाड्यात बसून, नजरेसमोर दुरुस्त करायचं असं ठरलं. ओसरीत जिथं जोडे काढतात तिथं कडूबाला जागा मिळाली. रुक्मिणीबाई पाटावर बसून सांगू लागली. समोर दिनदर्शिका टांगलेली.

"गोरं करा. अजून गोरं."

कडूबानं पांढरा कालवला. आधी कपाळावरचं गोंदण बुजलं. मग बारीक झालेला डोळा टपोरा झाला. ओठ दातांखालून बाहेर आले आणि त्यांच्यावर गुलाबी हसू बसलं.

"नथ घाला. मोत्याची. गळ्यात पुतळ्यायची माळ घाला."

"विधवेले नथ, बाई..."

पाटलीण थांबली. मग म्हणाली, "नथ नको तं नको. पाटल्या घाला. बिलवर घाला. हात झाकतीन."

येणारे-जाणारे थांबून पाहत होते, सूचना करत होते. गडी, पोस्टमन, चक्कीवाला. हाताचं काम त्यानं शेवटी ठेवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तेही आलं. मायचे तळवे त्यानं पालथे केले, भेगांवरून लोण्याचा रंग ओढला, बोटं सरळ केली. ब्रशला जराही अडखळ झाली नाही. खऱ्या तोंडाला सहा दिवस लागले होते, हे तोंड दीड दिवसात झालं. कडूबाला त्या दोन दिवसांत अपमानाचं विशेष वाटलं नाही, हात इतका सहज चालतो हे मात्र सलत राहिलं.

"आता कशा दिसतात," पाटलीण म्हणाली. "यायलेच म्हनतात हात."

शुक्रवारी पाटलानं इंजिन लावून दिलं. वाडीतली अर्धी झाडं गेलीच होती, अर्धी वाचली. स्टँपाचं काय, असं कडूबानं विचारलं तेव्हा पाटील म्हणाला, "पानी चालू हाय ना? मंग कागद काय चाटतं का?"

वरसराधाला पन्नास पानं उठली. बुलढाण्याहून आलेल्या पाहुण्यांनी फोटोला हार घातला. केवढी तेजस्वी बाई, असं म्हणाले. पाटलानं कडूबाला पुढं बोलावून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि "आमच्या गावचा पेंटर" अशी ओळख करून दिली. चिखलीच्या एका व्यापाऱ्यानं तिथंच आपल्या मेलेल्या बापाचं चित्र सांगितलं. त्याच्याजवळही फोटो नव्हता. "असंच करा," त्यानं हाराकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबाच्या अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीच्या पुढची, काळीसावळी, अंगानं रोड. पाटलाची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई. रोहिणखेडला दिलेली. आईच्या शेवटाला ती पोचू शकली नव्हती. सोजराबाईनं घोंगडी टाकली, पण ती बसली नाही.

"कडूबा, भिकाजी सांगत होता, पहिलं चित्र दुसरं होतं."

"हो, बाई."

"कुठं हाय ते?"

"त्याच कापडावर हाय. खाली."

अन्नपूर्णाबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. "वरचा रंग खरवडता येते का?"

"वरचा निघन. पन त्याच्यासंगं खालचाबी निघन."

ती आता घोंगडीवर टेकली. मग विचारलं, "डावा डोळा कसा काढला होता?"

"बारीक. मिटल्यावानी."

"आन् ओठ?"

"दाताखाली."

"हो," ती म्हणाली. "मले सासरी लावून देताना तशीच उभी होती. बैलायचे कासरे हातात होते. जवळबी आली नाई." तिनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. "मी आल्यापासून पाह्यते हाय त्या फोटूकडं. भावजय म्हनते, आईच्या पाया पडा. मी पडते. पन ती बाई मले ओळखत नाई."

सोजराबाई आत गेली आणि उगाच भांडी हलवू लागली.

"दुसरं काढून देतो, बाई," कडूबा म्हणाला. "तसंच काढतो. मले समदं आठवते."

"काढशीन?"

"शब्द देतो."

त्यानं खरंच मांजरपाट ताणला. अस्तर दिलं. पण आधी चिखलीच्या व्यापाऱ्याचा बाप होता. मग देऊळगावचा एक सावकार आला, मग मेहकरचे दोन भाऊ आले. त्यांचे आई-बाप त्यानं काढले. कुणाचा बाप फेटा बांधलेला, कुणाची आई तुळशीजवळ बसलेली. सगळे गोरे, सगळ्यांच्या ओठांवर तेच गुलाबी हसू. लोक चित्र पाहून रडत, हार घालत. एकानंही, हे माझं माणूस नाही, असं म्हटलं नाही. कोकिळेनं घरावर पत्रे घातले. नवऱ्याच्या रंगाच्या डब्या ती आता स्वतः पुसून ठेवायची आणि शेजारणींना हौसेनं दाखवायची. मोटारस्टँडवर बसून काढलेले कागद होते तेवढे पावसाळ्यात गळक्या कोपऱ्यात भिजले. नवे त्यानं काढले नाहीत. वेळ मिळाला नाही, असं तो म्हणायचा.

रोहिणखेडहून माणूस आला. कडूबानं सांगितलं, "अजून झालं नाई." दुसऱ्या वर्षी परत आला. "होत आलं."

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्यानं मायला पुन्हा लिंबाखाली बसवलं. सोजराबाई आता वाकली होती, तिला टोपल्यावर बसवेना, म्हणून खाट टाकली. आठ दिवस त्यानं मन लावून काम केलं. डोळा बारीक केला. ओठ दातांखाली घेतले. तळव्यांच्या भेगांत काव आणि निळा भरला, तेव्हाच्याच मापानं. त्याला सगळं आठवत होतं, काय कुठं होतं ते. चित्र पुरं झालं तेव्हा त्याला वाटलं, जमलं. सोजराबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मले आता दिसत नाई नीट." धोतरात गुंडाळून, सुतळी बांधून त्यानं चित्र रोहिणखेडच्या माणसाबरोबर पाठवून दिलं.

पंधराव्या दिवशी तोच माणूस चित्र परत घेऊन आला. त्याच धोतरात, तशीच सुतळी बांधलेली.

"बाईनं काय सांगतलं?" कडूबानं विचारलं.

"काई नाई. पाह्यलं आन् म्हने, परत देऊन ये."

"रागानं म्हनल्या का?"

"राग नाई," तो माणूस आठवून म्हणाला. "तुमाले निरोप देला. म्हने, त्याच्यानं होत नसन तं नको करू म्हना. त्याले तरास नको."

माणूस पाणी पिऊन निघून गेला. कडूबानं चित्र उन्हात, भिंतीला टेकवून ठेवलं आणि समोर उकिडवा बसला. भेगा होत्या, पण हात कधी कशाला लागलेले दिसत नव्हते. डोळा बारीक होता आणि त्यात काही नव्हतं. गालाची रेघ त्यानं काढली नव्हती, ती आपोआप उतरली होती, लोण्यासारखी गोल. आठ दिवस त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. याचंच त्याला भय वाटलं. आधी निदान लपवताना कळत तरी होतं.

दिवस वर आला. मेहकरच्या भावांपैकी धाकट्याची बायको गेली होती. परवा तिचं चित्र न्यायला ते येणार होते आणि घरात कोरा मांजरपाट नव्हता. कडूबानं खडू आणि खळ कालवली. रुंद ब्रश बुडवला आणि वरच्या कोपऱ्यापासून खाली आडवे हात मारू लागला.

ओसरीतल्या खाटेवरून सोजराबाईनं ब्रशचा आवाज ऐकला.

"कोन आलतं?"

"रोहिनखेडचा मानूस."

"फोटू आवडला का अन्नपूर्णीले?"

कडूबानं ब्रश पुन्हा बुडवला.

"वापस देला."

सोजराबाईनं खाटेवरून मान जरा उचलली. मग म्हणाली, "कापड धड हाय ना?"

"धड हाय."

"मंग वाया जाऊ देऊ नको," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

कडूबानं पहिला हात पुरा केला. खालचं तोंड अजून पुसट दिसत होतं. वाळेपर्यंत थांबून त्यानं दुसरा दिला.